प्रकल्प नोंदी : दूध संकलनाचा सर्व्हर, पोस्टग्रेस ११ वरून १५ वर

१७ जून २०२४, सोमवार

जुन्या सर्व्हरवरच्या डेबियन १० या लिनक्स प्रणालीला सुरक्षा दुरुस्त्या मिळणार त्या येत्या ३० जूनपर्यंतच. त्यावर चालणाऱ्या पोस्टग्रेस ११ या डेटाबेसची शेवटची दुरुस्ती तर गेल्या नोव्हेंबरातच येऊन गेली. त्यामुळे आता थांबण्यात अर्थ नाही. नवं मशीन डेबियन १२ चं, त्यात पोस्टग्रेस १५ आपोआप येतं.

दूध संघाच्या कामाच्या वेळा ठरलेल्या. पहाटे साडेपाचपासून सकाळचं संकलन, संध्याकाळी पुन्हा तेच. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं. ११ ते २० ची बिलं २१ ला निघाली की २२ च्या शनिवारी रात्री काम करायचं ठरलं. संध्याकाळच्या नोंदी नऊच्या सुमारास येऊन संपतात. तिथून रविवारच्या पहाटेपर्यंत सर्व्हर आपला.

डेटाबेसला जोडणारे तिघे. एक, मुख्यालयातली वेब अहवाल प्रणाली. ती आमचीच आहे. दोन, साठेक गावांतल्या संस्थांमधला संकलनाचा जावा प्रोग्राम. हा दुसऱ्याच कोणीतरी पूर्वी करून दिलेला. व्हीपीएनवरून (संघाच्या खाजगी नेटवर्कवरून) थेट डेटाबेसला जोडतो, आणि सर्व्हरचा आयपी पत्ता गावोगावच्या फाइलीत लिहिलेला आहे. तीन, लेखा विभागाची एक्सेलची फाइल, ओडीबीसी ड्रायव्हरने डेटाबेसला जोडलेली. गावोगावचे पत्ते बदलत बसणं शक्य नाही, म्हणून नवं मशीन जुन्याचाच पत्ता घेईल.

जुनी कॉन्फिगरेशन फाइल जशीच्या तशी उचलून आणायची नाही, हेही आज ठरलं. चार आवृत्त्यांमध्ये बरंच बदललंय, आणि त्या फाइलीत कोणी, कधी, का लिहिलं याचा पत्ता नाही अशा ओळी भरपूर आहेत. नवी फाइल कोरी घ्यायची, लागेल तसं एकेक कलम कारणासकट घालायचं.

२२ जून, शनिवार, रात्र

सव्वानऊला जुन्या सर्व्हरवरची सगळी सेशन्स (चालू जोडण्या) तोडली. डंप (डेटाची पूर्ण प्रत) नव्या मशीनवरच्या पीजी-डंपने घेतला, कारण जुन्या डेटाबेसचा डंप नव्या आवृत्तीच्या साधनाने काढणं हीच रीत आहे. रोल (डेटाबेसची वापरकर्ता-खाती) आणि पासवर्ड वेगळे, पीजी-डंपऑलने. चार समांतर कामं लावून रिस्टोअर केला, नंतर सगळ्या टेबलांवर आकडेवारी नव्याने गोळा करणारं अ‍ॅनालाइझ. मोजणी जुळली. इथपर्यंत कंटाळवाणं काम, आणि ते कंटाळवाणंच असायला हवं.

साडेअकराला जुनं मशीन बंद करून नव्याने पत्ता घेतला. सर्व्हरवर बसून पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायची खिडकी) उघडलं, लगेच आत. लॅपटॉपवरून व्हीपीएनने जोडून पाहिलं तर आधी नुसतं थांबून टाइमआउट. राउटरच्या एआरपी तक्त्यात, म्हणजे कुठला आयपी कुठल्या कार्डाचा त्या यादीत, अजून जुन्या मशीनचं नेटवर्क कार्ड होतं. नव्या मशीनवरून एआरपीची घोषणा पाठवल्यावर टाइमआउट गेला आणि त्या जागी ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं.

रिफ्यूज्ड दिसल्यावर मला बरं वाटलं. टाइमआउट म्हणजे डेटाचं पाकीट (पॅकेट) वाटेत कुठे गेलं ते कळतच नाही: राउटर, फायरवॉल, चुकीचा पत्ता, काहीही. रिफ्यूज्ड म्हणजे पाकीट मशीनपर्यंत पोचलं, फक्त त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारं कोणी नाही. शोधायची जागा एकदम लहान झाली.

सर्व्हरवर एसएस कमांडने पाहिलं : ५४३२ वर पोस्टग्रेस ऐकतोय, पण फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनपुरता. लिसन-अ‍ॅड्रेसेस हे कलम कोऱ्या फाइलीत ‘लोकलहोस्ट’ असतं. ते बदलून रीलोड केलं, म्हणजे चालू सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावली, फरक नाही. हे कलम रीलोडने लागू होत नाही, पूर्ण रीस्टार्ट लागतो. पीजी-सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये ‘पेंडिंग रीस्टार्ट’ नावाचा रकाना आहे, तिथे ‘ट्रू’ दिसत होतं. हा रकाना बघायची सवय फार कमी जणांना आहे.

सोबतच्या मुलासाठी एक नोंद, कारण त्याने सिस्टमसीटीएल या आज्ञेने सेवेची स्थिती पाहिली आणि ‘अ‍ॅक्टिव्ह (एक्झिटेड)’ वाचून घाबरला. डेबियनवर ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ नावाची सेवा ही नुसती छत्री आहे. खरी सेवा आवृत्ती आणि क्लस्टरच्या (डेटाबेसांच्या एका संचाच्या) नावाची, म्हणजे ‘१५-मेन’. छत्री नेहमी हसतमुख असते, खाली क्लस्टर पडलेला असला तरी. खरं काय ते पीजी-एलएसक्लस्टर्स सांगतो.

आणि सर्व्हरवर बसून ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणण्याला काही किंमत नाही. तिथलं पीएसक्यूएल युनिक्स सॉकेटवरून, म्हणजे मशीनच्या आतल्याच वाटेने जातं, आणि ‘पीअर’ पद्धतीने नुसतं लिनक्सच्या वापरकर्त्याचं नाव बघून आत घेतं. त्यात ना नेटवर्क तपासलं जातं ना पासवर्ड. यापुढे चाचणी बाहेरच्या मशीनवरूनच.

२३ जून, रविवार, मध्यरात्रीनंतर

आता पोर्ट उघडं, पण वेब प्रणालीला उत्तर : पासवर्ड चुकीचा. पासवर्ड चुकीचा नव्हता. काल संध्याकाळपर्यंत तोच चालत होता, आणि रोल तर हॅशसकट (पासवर्डच्या साठवलेल्या, न वाचता येणाऱ्या रूपासकट) तसेच आणलेत.

पोस्टग्रेस बाहेरच्याला मुद्दाम कमी सांगतो. पासवर्ड खोटा असो वा रोलच नसो, समोरच्याला एकच वाक्य मिळतं, म्हणजे हल्ला करणाऱ्याला काही कळू नये. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. तिथे त्याच ओळीखाली तपशील होता : या वापरकर्त्याकडे वैध स्क्रॅम सीक्रेट नाही. त्याखाली पीजी-एचबीए फाइलीतली (कोणाला, कुठून, कुठल्या पद्धतीने आत घ्यायचं ते या फाइलीत असतं) कुठली ओळ लागू पडली, तिचा क्रमांकही.

झालं ते असं. आवृत्ती १४ पासून पासवर्ड साठवण्याची मूळ पद्धत एमडी५ ऐवजी स्क्रॅम-शा-२५६ झाली. नव्या मशीनवर तयार झालेल्या पीजी-एचबीएतही नेटवर्कच्या ओळींवर स्क्रॅमच लिहिलेलं येतं. आमचे रोल मात्र ११ वरून एमडी५ हॅश घेऊन आले. दारावर स्क्रॅम मागतायत, खिशात एमडी५. हॅशमधून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही, त्यामुळे रूपांतराचं कुठलंही साधन नाही. ज्याला पासवर्ड माहीत आहे त्याने तो पुन्हा द्यायचा, एवढाच मार्ग.

वेब प्रणालीच्या रोलला तोच पासवर्ड पुन्हा दिला. पीएसक्यूएलमधल्या ‘बॅकस्लॅश पासवर्ड’ने दिला, ऑल्टर रोल लिहून नाही. ऑल्टर रोलमध्ये पासवर्ड उघडा लिहावा लागतो, आणि तो कमांडच्या इतिहासात, कधी कधी सर्व्हरच्या लॉगमध्येही जाऊन बसतो. ‘बॅकस्लॅश पासवर्ड’ हॅश आपल्याच बाजूला करून मग पाठवतं. वेब सुरू.

मग संकलनाच्या रोललाही तसंच केलं आणि चाचणीसाठी आणलेल्या गावाकडच्या संगणकावर प्रोग्राम उघडला. नवीन उत्तर : ऑथेंटिकेशन टाइप १० ला आधार नाही, आपल्या आयपीची नोंद पीजी-एचबीएत आहे का ते तपासा. या संदेशाचा दुसरा अर्धा भाग लोकांचे तासन्‌तास खातो. आयपीचा इथे काही संबंध नाही. टाइप १० म्हणजे स्क्रॅम, आणि हे वाक्य सर्व्हरचं नसून जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या जुन्या जेडीबीसी ड्रायव्हरचं आहे. प्रोग्रामसोबत त्या ड्रायव्हरचा ९.४ चा जार (जावाची फाइल) निघाला. स्क्रॅम समजणारा पहिला जेडीबीसी ड्रायव्हर ४२.२.०, म्हणजे २०१८ चा.

पहाटेच्या साडेपाचच्या आत साठ गावांत जार बदलणं होणार नव्हतं. म्हणून फक्त त्या एका रोलपुरती माघार. सेशनमध्ये पासवर्ड-एन्क्रिप्शन एमडी५ करून रोलला पासवर्ड पुन्हा दिला, आणि पीजी-एचबीएत एक ओळ वाढवली : हा रोल, हा डेटाबेस, व्हीपीएनचं हे सबनेट (पत्त्यांचा गट), पद्धत एमडी५. ओळ सर्वसाधारण ओळीच्या वर. या फाइलीत वरून खाली जी पहिली ओळ जुळते तीच शेवटची. तिथे नापास झालं तर पोस्टग्रेस खालची ओळ बघायला जात नाही.

सगळ्यांनाच एमडी५ करून टाकू, ही सूचना आली होती. नाही केलं. एमडी५ पद्धतीत साठवलेला हॅश कोणाच्या हाती लागला तर त्याला मूळ पासवर्डची गरजही उरत नाही, हॅशवरच आत जाता येतं. एका रोलपुरता हा धोका महिनाभर सोसेन, सगळ्यांसाठी नाही. तात्पुरता रोल ओळखू यावा म्हणून त्याचं नाव बदलू, असंही कोणी म्हणालं. तेही नको : एमडी५ हॅशमध्ये रोलचं नाव मिसळलेलं असतं, नाव बदललं की पोस्टग्रेस तो पासवर्डच पुसून टाकतो.

पावणेतीनला गावाकडचा संगणक आत गेला.

२३ जून, सकाळ

बहुतेक संस्था वेळेत लागल्या. पन्हाळ्याच्या बाजूच्या काही संस्थांमधून सचिवांचे फोन. ‘साहेब, मशीन लागंना झालंय, गवळी रांगेत हुबं हायत.’ वहीत लिहून घ्यायला सांगितलं. ती सवय त्यांना आहेच.

यांना येत होतं ते उत्तर सगळ्यांत प्रामाणिक : या होस्टसाठी, या वापरकर्त्यासाठी, या डेटाबेससाठी पीजी-एचबीएत नोंद नाही. तिन्ही गोष्टी नावानिशी. होस्टचा पत्ता वाचला तर तो आमच्या यादीतल्या सबनेटचा नव्हता. या संस्था पूर्वीच्या व्हीपीएनवर आहेत, त्यांचं सबनेट वेगळं, आणि नेटवर्कच्या कागदावर ते नव्हतं. एक ओळ वाढवली. रीलोड करण्याआधी पीजी-एचबीए-फाइल-रूल्स हे व्ह्यू पाहिलं. फाइलीत काही चुकीचं लिहिलं असेल तर तिथे ओळीसमोर त्रुटी दिसते. चुकीची फाइल रीलोड केली तर पोस्टग्रेस गुपचूप जुन्याच नियमांवर चालत राहतो आणि आपण नवे नियम लागले समजून भलतीकडे शोधत बसतो.

घाईत शून्य-शून्यची ओळ घालून सगळ्या जगाला ‘ट्रस्ट’, म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश, देऊन टाकण्याचा मोह अशाच वेळी होतो. इंटरनेटवरच्या निम्म्या उत्तरांत तेच लिहिलेलं असतं.

२४ जून, सोमवार

लेखा विभागातल्या ताईंची एक्सेल फाइल बंद. जुना ओडीबीसी ड्रायव्हर, तोच टाइप १० चा रोग. नवा ड्रायव्हर टाकला तर ‘आर्किटेक्चर मिसमॅच’. त्यांचं ऑफिस ३२ बिटचं आहे, ड्रायव्हर ६४ चा पडला. ३२ चा टाकून डीएसएनही (जोडणीची नोंदही) ३२ बिटच्या ओडीबीसी खिडकीतून बनवावा लागला. विंडोजमध्ये ही ३२ बिटची खिडकी ‘सिसवॉव६४’ फोल्डरात असते आणि ६४ ची ‘सिस्टम३२’मध्ये. यावर काही बोलत नाही.

संध्याकाळी साडेसहा. आर्द्राचा पाऊस, अर्ध्या तालुक्यात लाइट येते-जाते. संस्था एकेक करून आत येईनात. लॉगमध्ये : उरलेल्या जागा सुपरयूझरसाठी (सर्वाधिकार असलेल्या रोलसाठी) राखीव. थोड्या वेळाने : माफ करा, क्लायंट फार झाले.

कमाल कनेक्शन कोऱ्या फाइलीप्रमाणे १००, त्यातली ३ सुपरयूझरची, म्हणजे बाकीच्यांना ९७. साठेक संस्था आणि वेबची पंधरा-वीस धरली तरी जागा उरायला हवी होती. सुपरयूझरच्या राखीव खुर्चीवरून आत गेलो, जुनी निष्क्रिय सेशन्स तोडली, संकलन कसंबसं पूर्ण झालं. ती तीन राखीव कनेक्शन्स कशासाठी असतात ते अशा वेळी कळतं. म्हणूनच वेब प्रणालीला कधी सुपरयूझरचा रोल देऊ नये, ती तीही खाऊन टाकते.

२५ जून, मंगळवार

कालचं नीट बघितलं. चालू सेशन दाखवणारी पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी क्लायंटच्या पत्त्याप्रमाणे मोजली तर एकेका संस्थेची चार-चार, पाच-पाच सेशन्स, सगळी ‘आयडल’ (निष्क्रिय). प्रोग्राम तर एकच कनेक्शन उघडतो.

लाइट गेली की गावातला राउटर आणि संगणक एकदम मरतात. निरोप द्यायला कोणी उरत नाही. टीसीपीचा निरोपाचा संदेश सर्व्हरपर्यंत येतच नाही. सर्व्हरला वाटतं समोरचा शांत बसलाय. लाइट आली, प्रोग्राम पुन्हा जोडला, एक नवीन सेशन. पुन्हा लाइट गेली, आणखी एक. एसएस कमांडला टायमर दाखवायला सांगितलं तर त्या कनेक्शनांपुढे कीपअलाइव्हची शंभरावर मिनिटं उरलेली दिसली. लिनक्सवर हा काळ मुळात ७२०० सेकंदांचा, म्हणजे दोन तास. दोन तास गप्प राहिल्यावर कुठे सर्व्हर ‘अहो, आहात का’ असं विचारायला सुरुवात करतो. संध्याकाळचं अख्खं संकलन त्याआधी आटोपतं.

पण जुन्या सर्व्हरवर हे कधी झालं नव्हतं, आणि लाइट काही नव्याने जाऊ लागलेली नाही. बंद ठेवलेल्या जुन्या मशीनची डिस्क जोडून फाइल वाचली. टीसीपी-कीपअलाइव्ह-आयडल ६०, मध्यंतर १०, वेळा ६. वर टिपण एवढंच : ‘लाइटसाठी’. ज्याने लिहिलं त्याला सलाम, पण आणखी चार शब्द लिहिले असते तर बरं झालं असतं. त्याच फाइलीत कमाल कनेक्शन ३०० होती.

तिन्ही कलमं घातली. रीलोड पुरतो, पण आधीच मेलेल्या सेशनना त्याचा उपयोग नाही. निवांत बसलेलं सेशन नवी सेटिंग वाचतं ते पुढची आज्ञा आल्यावर, आणि त्यांना आज्ञा येणारच नाही. ती हाताने तोडली.

कमाल कनेक्शन ३०० करायचा आग्रह झाला. १५० केली, त्यावर नाही. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस देतो. आकडा वाढवून मेलेल्यांना बसायला जास्त जागा मिळते, मूळ दुखणं तिथेच. पीजी-बाउन्सर या, थोडी कनेक्शन्स अनेकांत वाटून देणाऱ्या (पूलिंगच्या) साधनाचाही विषय निघाला. हा प्रोग्राम दिवसभर एकच सेशन धरून बसतो, त्याला सेशन पद्धतीच्या पूलिंगचा काही फायदा नाही. ट्रान्झॅक्शन पद्धत लावावी तर जुन्या जेडीबीसीचे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरी) डेबियन १२ मधल्या बाउन्सरशी भांडतील. सध्या नको.

आवृत्ती १४ पासून निष्क्रिय सेशन ठराविक वेळेने तोडणारं कलमही आहे. तेही टाळलं. दोन संकलनांच्या मधल्या वेळात जिवंत सेशनही शांतच असतं. ते तुटलं तर जुना प्रोग्राम आपणहून पुन्हा जोडत नाही, बंद करून उघडावा लागतो. कीपअलाइव्ह मेलेल्यालाच मारतं, म्हणून तेच बरोबर.

दुपारी उरलेली कामगिरी : जुन्या फाइलीतली मूळ किमतीपेक्षा वेगळी असलेली सगळी कलमं काढून एकेकाची चर्चा. फाइल जशीच्या तशी आणायची नाही हा निर्णय आजही बरोबर वाटतो. ती ओळीने वाचायची, हे त्यात आता जोडलंय. वर्क-मेमचा (क्वेरीतल्या एका कामाला किती मेमरी द्यायची त्याचा) एक भलामोठा आकडा निघाला, तो कशासाठी ते कोणालाच सांगता येईना. तो नाही आणला.

२६ जून, बुधवार

कालही संध्याकाळी लाइट गेली-आली. सेशन वाढली आणि दोन-तीन मिनिटांत खाली आली. सगळ्यांत जास्त आकडा नव्वदीच्या आत.

२८ जून, शुक्रवार

एमडी५ ची ती ओळ कायमची राहू नये म्हणून आराखडा. संकलनासाठी दुसरा रोल केला, स्क्रॅमचा. गावात नवा जार आणि नव्या रोलची फाइल, दोन्ही एकदम द्यायची. जो जो बदलला तो नव्या रोलने येईल, बाकीचे जुन्या रोलने येत राहतील. कोणाचं काही अडणार नाही.

अडचण जावाची. जेडीबीसीचा ४२.२ जावा ६ आणि ७ साठीही मिळतो, पण स्क्रॅम फक्त जावा ८ आणि पुढे. गावांत काही संगणकांवर अजून जावा ७ आहे. म्हणजे तिथे आधी जावा, मग जार, मग फाइल.

कोण बदललं, कोण राहिलं हे फोनवर विचारत बसायचं नाही. लॉग-कनेक्शन्स चालू केलंय. १४ पासून त्यात प्रत्येक कनेक्शन कुठल्या पद्धतीने ओळख पटवून आत आलं तेही येतं. रोज रात्री एमडी५ वाले पत्ते गाळून यादी निघते, संस्थेच्या नावासकट.

१ जुलै, सोमवार

२१ ते ३० ची बिलं नव्या सर्व्हरवरून निघाली. लेखा विभागाने जुन्या पद्धतीने पाच संस्थांची बेरीज हाताने जुळवून पाहिली, फॅट-एसएनएफसकट (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). जुळली. जुन्या मशीनची डिस्क अजून ठेवलीय, पण त्याची नेटवर्क केबल काढून टाकली, कोणी चुकून चालू केलं तर दोन मशीन एकाच पत्त्यावर भांडू नयेत.

१२ जुलै, शुक्रवार

एमडी५ च्या यादीत आता नऊ संस्था. सहा ठिकाणी पुढच्या आठवड्यात संघाचा माणूस पशुखाद्याच्या गाडीसोबत जातोच आहे, त्याच्या पेनड्राइव्हवर जावा, जार आणि फाइल दिलीय. उरलेल्या तीन ठिकाणचे संगणक विंडोज एक्सपीचे निघाले. तिथे जावा ८ चा प्रयत्न करण्यापेक्षा संगणकच बदलावा, असं संघाला लेखी कळवलं. तोवर पीजी-एचबीएतली ती ओळ सबनेटऐवजी फक्त त्या नऊ पत्त्यांपुरती केली, प्रत्येकासमोर संस्थेचं नाव आणि ती ओळ का आहे ते पूर्ण वाक्यात.